ऑर्पवुड यांच्या टाकीची रांग

जगातली प्रत्येक वस्तू नाशवंत आहे, आणि जी नाही ती दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये असते. हे सत्य ज्याला उमगलं, तो जुनी मोटार बाळगायला लायक झाला असं समजावं. बाकीच्यांनी बसने जावं. बस वेळेवर पोचते, आणि म्हणूनच तिच्यात काही अर्थ नसतो.

श्रॉपशरमधल्या डेस्मंड हॅलिवेल यांना हे सत्य अंगवळणी पडलं होतं. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या बंद केल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची एक गळती विकत घेतली. तिचं नाव हॅवरगेट ट्वेल्व्ह. गाडी गर्द हिरवी, आतली आसनं तपकिरी चामड्याची, समोरची फळी अक्रोडाच्या लाकडाची. ती कॉव्हेंट्रीतल्या ज्या कारखान्यात जन्मली तो केव्हाच बंद पडला. त्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. गाडीत नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त पुढे जाण्याची तिला फारशी सवय नव्हती.

दोष टाकीचा होता. हॅवरगेटची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाशी असते आणि तिच्या पोटात जादा चाकासाठी एक खोलगट वळण असतं. त्या वळणात पाणी साचतं. पाण्याने गंज चढतो, गंजाचे पापुद्रे सुटतात आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. मग इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं. अशा वेळी काहीही करायचं नसतं. थर्मासमधला चहा प्यायचा, तोवर पापुद्रे आपोआप तळाशी बसतात आणि गाडी पुन्हा तेवढंच अंतर जाते. डेस्मंड या थांब्यांना 'चहाचे थांबे' म्हणत. त्यांच्या पत्नी डॅफ्नी त्यांना काय म्हणत, ते इथे देता येत नाही.

डॅफ्नीबाईंचं म्हणणं साधं होतं. त्यांना समुद्र पाहायचा होता. वेल्सच्या किनाऱ्यावरचं बार्मथ तसं दूर नाही, पण लग्न झालं तेव्हा हनिमूनला जायला यांच्याकडे पैसे नव्हते, आणि 'एक दिवस आपल्या गाडीतून नेईन' असं डेस्मंड यांनी भर पावसात, बसथांब्यावर, बाईंचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. ते मनापासून सांगितलं होतं. पुढे गाडी आली. त्या गाडीने डॅफ्नीबाई जास्तीत जास्त वेल्शपूलच्या गुरांच्या बाजारापर्यंत गेल्या, आणि परतीचा प्रवास एका मेंढरांच्या ट्रकमागे दोर बांधून झाला.

"डेस्मंड," त्या वर्षी हिवाळ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "मला जूनमध्ये सत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी मी बार्मथला आईस्क्रीम खाणार आहे. तुझ्या गाडीतून नेलंस तर तुझ्याबरोबर खाईन. नाही नेलंस तरी खाणार आहे."

"नेतो ना. टाकीचं तेवढं बघतो."

"तू गाडी घेतल्यापासून टाकीचंच बघतोयस. माझ्याकडे एकदा बघ."

डेस्मंड यांनी बघितलं. त्यांना बाईंबद्दल खरंच माया होती. त्यांना वाटलं, हिला नेलंच पाहिजे. आणि ते टाकी बघायला गेले.

गंजलेली टाकी दुरुस्त करण्याच्या मान्यताप्राप्त पद्धती तीन आहेत आणि त्यांचे तीन पंथ आहेत. व्हिनेगर पंथ टाकीत व्हिनेगर भरून ठेवतो. काकवी पंथ पातळ केलेली काकवी भरतो आणि महिनाभर थांबतो. तिसरा पंथ सोड्याच्या पाण्यात वीज सोडतो. (या पंथाचे सभासद जळक्या भुवयांवरून ओळखू येतात.) तिन्ही पंथांचे लोक एकमेकांशी हवापाण्यावर बोलतात, पण एका टेबलावर जेवत नाहीत. टाकीला आगीच्या ज्योतीने झाळकाम करून घेण्याची चौथीही एक पद्धत होती. आत पेट्रोलची वाफ उरलेली असताना एका सभासदाने ती वापरली. हॅवरगेट मालक संघाच्या वार्षिक सभेत त्यांच्यासाठी दरवर्षी दोन मिनिटं उभं राहतात.

डेस्मंड यांनी व्हिनेगर करून पाहिलं, घराला लोणच्याचा वास सुटला. काकवी करून पाहिली, गावातल्या सगळ्या गांधीलमाशा मुक्कामाला आल्या. मग त्यांनी टाकीत मूठभर लोखंडी नट टाकले, टाकी डॅफ्नीबाईंच्या पिसांच्या रजईत गुंडाळली आणि शेजाऱ्याच्या सिमेंट कालवायच्या यंत्राला बांधून दिवसभर फिरवली. गावभर असा आवाज झाला की चर्चमधली प्रार्थना पुढे ढकलावी लागली. कोणीही तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारी फक्त "हवा छान आहे" हे वाक्य नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाला. इतकं कठोर बोलणं त्या गल्लीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर आतून लेप लावला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये दारूचा अंश असतो, त्यामुळे तो लेप दुधावरच्या सायीसारखा सुटला आणि जाळीवर जाऊन बसला. शिवाय नटांनी गंज काढला तेव्हा कळलं की टाकी म्हणून जे होतं ते मुख्यतः गंजच होतं. बारीक बारीक भोकं पडली. त्यावर साबण घासला की थेंब थांबतात हा जुना इलाज आहे, आणि घरात साबण होता तो लॅव्हेंडरचा. तेव्हापासून गाडी गळायची, पण सुवासिक गळायची.

इथे कोणी अडाणी माणूस विचारील की नवी टाकी का बनवून घेतली नाही? वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये एक कारागीर ॲल्युमिनियमची टाकी आठवड्याभरात बनवून देत होता. ती गंजत नाही, गळत नाही, आणि ती लावून गाडी बार्मथलाच काय, रोमलाही गेली असती. परंतु ती टाकी अस्सल नव्हती. आणि डेस्मंड हॅलिवेल हे हॅवरगेट मालक संघाचे अस्सलता अधिकारी होते. संघाच्या नियमाप्रमाणे गाडीत कारखान्याबाहेरचा एकही भाग बसला की तिचा पितळी बिल्ला काढून घेतला जातो आणि मालकाचं नाव 'स्नेही' या वर्गात जातं. स्नेह्यांना सभेला येता येतं, पण चहा स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. एका दंतवैद्याने दाराच्या बिजागरीला सरळ खाचेऐवजी फुलीच्या खाचेचा स्क्रू लावला होता. डेस्मंड यांनी भिंगातून तो पकडला आणि बिल्ला काढून घेतला. दंतवैद्य रडले. डेस्मंड यांनी त्यांना रुमाल दिला. (रुमाल अस्सल सुती होता.) अशा माणसाने स्वतःच्या गाडीला ॲल्युमिनियम लावणं म्हणजे पाद्र्याने प्रार्थनेला येताना दुसऱ्या धर्माचं पुस्तक आणण्यासारखं होतं.

तेव्हा अस्सल भाग मिळवणं एवढाच मार्ग उरला. त्यासाठी जगात तीन ठिकाणं आहेत. पहिलं, संघाच्या मासिकातल्या जाहिराती. त्यात 'हवे आहे' या सदराखाली चार पानं असतात आणि 'विकणे आहे' या सदराखाली एक टोपी. दुसरं, जुन्या सुट्या भागांचा बाजार. हा नेहमी चिखलाच्या शेतात, नेहमी पावसात आणि नेहमी पहाटे भरतो. तिथे माणूस टाकी शोधायला जातो आणि एका अनोळखी यंत्राचं हँडल घेऊन परत येतो, कारण ते स्वस्त होतं आणि पुढेमागे त्याला जुळणारं यंत्रही सापडेल. तिसरं ठिकाण म्हणजे मृत्यू.

हे तिसरं ठिकाणच खरं. संघाचे शंभरातले नव्वद सभासद मासिक मागच्या पानावरून वाचायला घेतात, कारण तिथे निधनवार्ता असतात. सभासद वारला की त्याचं गॅरेज उघडं पडतं. परंतु आपण माणसं आहोत, गिधाडं नाही, हे लक्षात घेऊन संघाने सांत्वन उपसमिती नेमलेली आहे. या उपसमितीचं काम अत्यंत हळुवार आहे. विधवेला भेटायला दोघांनी जायचं. पहिला चहा संपेपर्यंत दिवंगताच्या स्वभावाबद्दल बोलायचं. दुसऱ्या चहाला त्याच्या हस्तकौशल्याबद्दल. त्यानंतर बाईंनी डोळे पुसले आणि "आता त्या पसाऱ्याचं मी काय करू?" असं स्वतःहून म्हटलं, तरच एकाने खिशातली बॅटरी काढायची. (दुसऱ्याने मापाची पट्टी.) ज्या बाई हे वाक्य म्हणत नाहीत, त्यांच्याकडे पुन्हा सांत्वनाला जावं लागतं. एका बाईंचं अकरा वेळा सांत्वन करावं लागलं. शेवटी त्यांनी सांत्वन करणाऱ्यांपैकी एकाशी लग्न केलं, आणि गिअरबॉक्स एकदाचा संघात राहिला.

आता हॅवरगेटची न वापरलेली, कारखान्याच्या तेलकट कागदात गुंडाळलेली, कोरी करकरीत टाकी अवघ्या इंग्लंडात एकच उरली होती. ती नेदर पुलवर्ड या गावी सेड्रिक ऑर्पवुड यांच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेली होती. ऑर्पवुड म्हणजे कारखान्यातले जुने नोकर. वय नव्वदीकडे झुकलेलं, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. गाडीही त्यांनी विकून टाकली होती. फक्त टाकी राहिली होती, कारण विकलेल्या गाडीत एक टाकी आधीच बसवलेली होती.

त्या टाकीला रांग होती. इंग्लंडात देवाला मान असो नसो, रांगेला आहे. रांगेत पहिले होते संघाचे सचिव बर्नर्ड टॉफ्ट. दुसरे एक गृहस्थ रांगेत असतानाच वारले, पण त्यांची जागा त्यांच्या चिरंजिवांकडे वारसाहक्काने आली होती. तिसरे डेस्मंड. त्यांच्यामागे सात-आठ जण. रांग कशासाठी आहे, हे रांगेतला कोणीही कधी तोंडाने बोलत नसे. ऑर्पवुड यांच्याकडे जाऊन 'टाकी देता का' असं विचारणं तर अशक्यच. जिवंत माणसाकडे त्याची वस्तू मागणं हा शुद्ध असभ्यपणा झाला. तो मरेपर्यंत वाट पाहणं यात मात्र काही गैर नाही. उलट त्यात एक प्रकारची अदब आहे.

फेब्रुवारीत ऑर्पवुड यांना न्यूमोनिया झाला.

बातमी आली तेव्हा डेस्मंड न्याहारीला बसले होते. त्यांच्या हातातला टोस्ट खाली पडला. त्यांना पहिल्यांदा वाटलं ते असं की, जून यायला अजून अवकाश आहे. दुसऱ्यांदा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तो टोस्ट लोणी न लावता खाल्ला. मग ते इस्पितळात गेले. तिथे खाटेभोवती संघाचे सहा सभासद आधीच बसलेले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर फळांची टोपली होती.

"कसं वाटतंय, ऑर्पवुड?" टॉफ्ट विचारत होते.

"जरा बरं आहे," ऑर्पवुड म्हणाले.

"अरेरे," कोणीतरी मागून म्हणालं आणि मग बराच वेळ खोकत राहिलं.

इथून पुढे संघाने ऑर्पवुड यांची जी सेवा केली, तिला वैद्यकाच्या इतिहासात तोड नसावी. कोणीही कुणाच्या मागे पडायला तयार नव्हतं, कारण शेवटच्या क्षणी म्हातारा एखाद्याचं नाव घेईल आणि रांग मोडेल अशी प्रत्येकाला धास्ती होती. घरी आणल्यावर सोमवारी एक जण कोंबडीचं सूप आणी, मंगळवारी दुसरा मटणाचं. एकाने छताचं पन्हाळ दुरुस्त केलं. दुसऱ्याने खिडक्यांच्या फटी बुजवल्या, कारण गार वारा लागून काही भलतंसलतं होऊ नये. (भलतंसलतं म्हणजे काय, यावर त्याने जास्त विचार केला नाही.) डेस्मंड यांच्याकडे गुरुवार होता. गुरुवारी ते डॅफ्नीबाईंची छोटी जपानी मोटार मागून नेत आणि ऑर्पवुड यांना डॉक्टरकडे पोचवत. हॅवरगेटमधून नेलं असतं, पण वाटेतले चहाचे थांबे त्या छातीला झेपले नसते.

परिणाम व्हायचा तोच झाला. एकटेपणात कुढत, डब्यातले वाटाणे खाऊन जगणारा माणूस दोन वेळा गरम जेवायला लागला, रोज चार माणसांशी बोलायला लागला, आणि त्याच्या गालांवर लाली चढली. डॉक्टर थक्क झाले. "या वयात असं बरं होणं मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले, "तुमची मित्रमंडळी फार प्रेमळ आहेत." मित्रमंडळींनी माना खाली घातल्या. डॉक्टरांना तो विनय वाटला.

मे उजाडला. ऑर्पवुड आता काठी न घेता बागेत फिरत. डेस्मंड खंगले. गुरुवारी रात्री त्यांना झोप येईना. आपण एका भल्या म्हाताऱ्याला सूप पाजतो आणि त्याच्या नाडीवर हात ठेवताना मनात काय चालू असतं, हे आठवून ते कुशीवर वळत. मग त्यांना बार्मथ आठवे, आणि ते दुसऱ्या कुशीवर वळत.

एका गुरुवारी त्यांना सर्दी झाली, म्हणून गाडी घेऊन डॅफ्नीबाई स्वतः गेल्या. डेस्मंड शेजारच्या आसनावर नाकाला रुमाल लावून बसले. ऑर्पवुड यांनी दोघांना शेडमध्ये खुर्च्या टाकून दिल्या. वर खुंटीला ती टाकी लटकत होती. डेस्मंड यांनी तिच्याकडे न बघण्याचा सराव केलेला होता. बाईंनी केलेला नव्हता.

"ही ती टाकी?" बाईंनी विचारलं.

डेस्मंड यांना रुमालातल्या रुमालात घाम फुटला.

"हीच," ऑर्पवुड म्हणाले.

"मग ती आम्हाला द्या ना, मिस्टर ऑर्पवुड. यांच्या गाडीची टाकी चाळण झाली आहे. मला जूनमध्ये समुद्रावर जायचंय, आणि हे काही दुसरी टाकी लावायचे नाहीत. किंमत सांगा."

डेस्मंड यांना वाटलं, आता म्हातारा तिथेच कोसळणार आणि त्याला आपली बायको जबाबदार ठरणार. ऑर्पवुड मात्र बाईंकडे टक लावून बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि डेस्मंड सवयीने पाणी आणायला धावले.

"पोरी," ऑर्पवुड श्वास घेत म्हणाले, "ही टाकी पंधरा-वीस वर्षं इथे टांगलेली आहे. तो टॉफ्ट इथे बसून मला गुलाबांच्या खतावर व्याख्यान देऊन जातो. तो दुसरा माझ्या खिडक्या मोजतो. हा तुझा नवरा दर गुरुवारी माझी नाडी बघतो. एकाने, एकाने म्हणून तोंड उघडून विचारलं नाही!"

"मग तुम्हीच का नाही दिली?"

म्हाताऱ्याने वर टाकीकडे पाहिलं. "दिली असती तर गुरुवारी कोण आलं असतं?" तो म्हणाला. "बायको गेल्यापासून या घरात दाराची कडी वाजायची ती फक्त वाऱ्याने. मी आजारी पडलो आणि टाकीपायी माणसं यायला लागली. म्हटलं, टांगलेली राहू दे."

डॅफ्नीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. "गुरुवारी मी येईन," त्या म्हणाल्या. "टाकी दिलीत तरी येईन आणि नाही दिलीत तरी येईन. आणि जूनमध्ये तुम्ही पण चला आमच्याबरोबर. मागच्या आसनावर जागा आहे."

"समुद्रावर?"

"आईस्क्रीम खायला."

ऑर्पवुड उठले, स्टुलावर चढू लागले, डेस्मंड यांनी त्यांना धरून खाली उतरवलं आणि बाईंनी स्वतः चढून टाकी काढली. तेलकट कागद जागेवर होता. आतून कोरी, चकचकीत, हात लावला तर घंटेसारखी वाजणारी. ऑर्पवुड यांनी ती डेस्मंड यांच्या हातात ठेवली. "घे हॅलिवेल. पैसे नकोत. हिला घेऊन जा समुद्रावर, मूर्खा."

हा क्षण डेस्मंड यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण होता. ज्या वस्तूसाठी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घालवली ती हातात होती. बायको समोर हसत उभी होती. देणारा राजीखुशीने देत होता. कायद्याने, नीतीने, पेट्रोलच्या नियमांनी, कुठूनही आडकाठी नव्हती.

"मला घेता येणार नाही," डेस्मंड म्हणाले.

"काय?" दोघेही एकदम म्हणाले.

"मी रांगेत तिसरा आहे."

यावर जे बोलणं झालं ते बरंच एकतर्फी होतं. डॅफ्नीबाईंचा आवाज शेजारच्या शेतापर्यंत गेला आणि तिथल्या गायींनी चरणं थांबवलं. डेस्मंड यांनी शांतपणे समजावून सांगितलं की टॉफ्ट आणि त्या चिरंजिवांना डावलून टाकी नेणं म्हणजे घुसखोरी. आज टाकीसाठी रांग मोडली, उद्या पोस्टात मोडेल, परवा बसथांब्यावर. मग हा देश उभा कशावर राहायचा? ऑर्पवुड म्हणाले, "अरे, पण माझी टाकी आहे ना?" डेस्मंड म्हणाले, "टाकी तुमची आहे. रांग आमची आहे." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तेलकट कागद नीट केला, स्टुलावर चढले आणि टाकी पुन्हा खुंटीला टांगली. टांगल्यावरही त्यांनी ती बराच वेळ हातातून सोडली नाही, हे मान्य केलं पाहिजे. तो माणूस दगडाचा नव्हता, फक्त सभासद होता.

संघाच्या कार्यकारिणीला ही हकिकत कळली तेव्हा सर्वांना गहिवरून आलं. डेस्मंड यांच्या सत्काराचा ठराव एकमताने मंजूर झाला. टॉफ्ट यांनी भाषणात सांगितलं की अशी माणसं आहेत म्हणून हॅवरगेट आहे. त्यानंतर त्यांनी चौकशी केली की म्हातारा अजून स्टुलावर चढतो काय. चढतो, असं कळल्यावर त्यांनी त्याला स्टूल न वापरण्याची प्रेमळ सूचना पाठवली. आणि टॉफ्ट स्वतः रांगेतलं पहिलं स्थान सोडायला तयार आहेत काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो असभ्यपणा झाला असता.

जूनमध्ये डॅफ्नीबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. सकाळी त्यांनी सँडविच बांधले, निळी टोपी घातली आणि छोट्या जपानी मोटारीच्या किल्ल्या घेतल्या.

"येतोस?" त्यांनी दारातून विचारलं. अगदी खरं विचारलं.

डेस्मंड यांनी हॅवरगेटच्या खाली गळतीसाठी ठेवलेल्या बशीकडे पाहिलं. पुढच्या रविवारी संघाची तपासणी होती आणि नळीचा रबर बदलायचा राहिला होता. "या वेळी तू जा," ते म्हणाले. "आपल्या गाडीतून जाऊ तेव्हा मी असेनच."

बाईंनी दार ओढून घेतलं. त्या नेदर पुलवर्डला गेल्या, ऑर्पवुड यांना पुढच्या आसनावर बसवलं, आणि ती गाडी एकदाही न खोकता, एकदाही न थांबता, जेवणाच्या आधी बार्मथला पोचली. त्यानंतर दर गुरुवारी त्या दोघांचं कुठे ना कुठे जाणं होऊ लागलं. डेस्मंड यांनी हरकत घेतली नाही. गॅरेजमध्ये तेवढीच शांतता मिळे.

त्या पहिल्या संध्याकाळी बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या बुटांत वाळू होती आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. इतक्या वर्षांत डेस्मंड यांनी तो चेहरा इतका मोकळा पाहिलेला नव्हता. आपण तो पाहू शकलो असतो, तिथे, त्या पाण्याकाठी, हे त्यांच्या काळजात टोचलं. काहीतरी बोलायला हवं होतं. "सॉरी" म्हणता आलं असतं. "तू सुंदर दिसतेस" म्हणता आलं असतं.

"ऑर्पवुड कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत," बाई म्हणाल्या. "वाळूत चालले. दोन आईस्क्रीम खाल्ली. डॉक्टर म्हणतात शंभरी गाठतील."

"वा," डेस्मंड म्हणाले. "वा वा. फार छान." आणि ते खुर्चीत बसले.

वाचकहो, या गृहस्थांना हसणं सोपं आहे. साता समुद्रापलीकडची माणसं, त्यांच्या गंजक्या टाक्या, त्यांच्या रांगा. आपल्याकडे असलं काही नसतं. आपल्याकडे नाती असतात, माया असते. फक्त एवढंच आठवून पाहा. गावाकडच्या काकांना, ज्यांना मूलबाळ नाही आणि ज्यांच्या नावावर रस्त्याला लागून जमिनीचा तो तुकडा आहे, त्यांना तुम्ही गेल्या आठवड्यात फोन केलात. तब्येत कशी आहे म्हणून अगदी आपुलकीने विचारलंत. पलीकडून काका खणखणीत आवाजात म्हणाले, "एकदम ठणठणीत!" तेव्हा तुम्हीही "वा" म्हणालात. ते म्हणायला तुम्हाला किती वेळ लागला, तेवढं मात्र कोणाला सांगू नका.